ट्रे दोनमधला कागद

पानमोजेची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा तो निम्माच शिल्लक होता. कमरेपासून खाली एक करडी पँट, टाचा झिजलेल्या चपला, आणि त्यातला एक पाय अधूनमधून हवेत झटके देत होता. कमरेपासून वरचा माणूस प्रिंटरने गिळलेला होता. प्रिंटर तरी कसला, दोन कपाटं एकमेकांना चिकटवून त्यांना दिवे लावावेत असं ते धूड. सगळी दारं उघडी, सगळे खण बाहेर आणि पोटातून घरघर. माझा नोकरीचा पहिला दिवस. मला वाटलं, या कार्यालयात कर्मचारी कमी करायची हीच पद्धत असावी. मी मदतीला कोणाला तरी हाक मारणार, एवढ्यात त्या पोटातून आवाज आला.

“पेनड्राइव्ह कुठे कुठे फिरवून आणलाय?”

पेनड्राइव्ह माझ्या खिशात होता. तो त्याला दिसणं शक्यच नव्हतं.

“घरच्या कॉम्प्युटरला लावलाय?”

“हो.”

“मग जरा लांब उभे राहा.”

त्यानंतर एक युग लोटलं. माझे काही केस तेव्हाच पिकले असावेत. मग प्रिंटरने त्याला हप्त्याहप्त्याने परत केलं. आधी पाठ, मग दोन मोठे कान, शेवटी नाकावर काळ्या भुकटीची रेघ असलेलं तोंड. हातात एक चुरगळलेला अर्धा कागद होता आणि सुईणीने बाळाकडे पाहावं तसा तो त्या कागदाकडे पाहत होता.

“अडकला होता बिचारा,” तो म्हणाला. बिचारा म्हणजे कागद.

आमचं कार्यालय दाखल्यांचं. माणूस जन्मला, मेला, राहायला आला, नाव बदललं, की आम्ही त्याला कागद देतो. पाच विभाग, बावीस टेबलं आणि सगळ्यांत मिळून हा एक प्रिंटर. तो जिन्याखालच्या खोलीत. ती खोली पानमोजेची. पानमोजे हे त्याचं आडनाव नव्हतं. तो पानं मोजायचा म्हणून कधीतरी कोणीतरी ठेवलेलं नाव, ते इतकं बसलं की नव्याने रुजू झालेल्या एका टंकलेखिकेने तीन वर्षं रजिस्टरात त्याच नावाने नोंदी केल्या, आणि कोणाला काही खटकलं नाही. त्यालाही नाही.

मोजायचा मात्र खरोखर. प्रिंटरच्या पोटात एक आकडा असतो, जन्मापासून किती पानं छापली त्याचा. सकाळी आल्यावर पानमोजे तो आकडा एका लांबट वहीत लिही आणि संध्याकाळी जाताना पुन्हा लिही. मधल्या काळात छापलेला प्रत्येक कागद तो स्वतः उचलून ज्याच्या त्याच्या टेबलावर नेऊन ठेवी, आणि मगच वहीत त्यापुढे बरोबरची खूण करी. कागद गरम असताना टेबलावर पोचला पाहिजे, हा त्याचा धर्म. माणसांची नावं त्याच्या लक्षात राहत नसत. विभागाच्या नावानेच हाक मारी. मी नोंदणी विभागात, म्हणून मी “नोंदणी”. “अहो नोंदणी, तुमचं पाचवं पान तिरकं आलंय, पुन्हा काढतो.” मी म्हणायचो, “अरे, राहू दे तिरकं, वाचतंय कोण?” यावर तो असा बघायचा, जणू मी त्याच्या मुलीचं नाक वाकडं आहे म्हणालो.

इथे एक गोष्ट कबूल करून टाकतो. आम्ही दोघं एकाच वयाचे. मी त्याला अरेतुरे करायचो, तो मला अहोजाहो. कारण मी कायम होतो आणि तो तात्पुरता.

तात्पुरता म्हणजे एकोणीस वर्षं तात्पुरता. त्याला दर सहा महिन्यांनी नवा नेमणुकीचा कागद मिळे आणि दोन कागदांच्या मध्ये एक दिवस कोरा सोडलेला असे, म्हणजे सलग नोकरी झाली असं उद्या कोणाला म्हणता येऊ नये. त्याला म्हणायचं खंड. खंडाच्या दिवशी पानमोजे आमचा कोणीही नसे. कार्यालयात पाऊल टाकायची मनाई. मग तो काय करी? इमारतीच्या मागे, जिन्याखालच्या खोलीच्या खिडकीशी, दिवसभर गजांना धरून उभा राही. सकाळी दहा ते पाच. आतला प्रिंटर थांबला की बाहेरून हाळी येई, “अहो नोंदणी, ट्रे दोन!”

माझं टेबल त्या खोलीच्या दाराशी. म्हणून हा मान माझा. मी उठायचो, पुडकं फोडायचो, कागद खणात सारायचो. बाहेरून सूचना चालूच, “आधी पानं मोकळी करा. वाऱ्यावर धरा. असे नाही, पत्ते पिसल्यासारखे!” मी म्हणायचो, “आज तू नोकरीत नाहीस, गप्प बस.” तो म्हणायचा, “मी नाही, पण ट्रे दोन आहे ना?”

त्याच्या घरी सगळं अडून होतं ते एका शब्दावर. एकदा त्याच्याकडे गेलो होतो. खिडकीला पडदा नव्हता, दोरीवर जुनी चादर. वहिनींनी माझी नजर पाहिली.

“पडद्याचं ठरलंय,” त्या म्हणाल्या, “हे कायम झाल्यावर.”

मुलीची सायकल? कायम झाल्यावर. भिंतीतली ओल? कायम झाल्यावर. पानमोजे चहाबरोबरची बिस्किटं डावीकडून चावत होता. उजवीकडची एक दाढ सहा वर्षं दुखत होती.

“अहो, काढून तरी टाका ती,” मी वहिनींसमोर चुकून अहो म्हणालो.

“काढायचीच आहे,” वहिनी म्हणाल्या. “कायम झाल्यावर कार्यालयाचा डॉक्टर मिळतो म्हणे. तोपर्यंत डावी बाजू आहे की.”

आणि मुलीसकट तिघंही हसली. मीसुद्धा.

आता स्क्रिप्टचं, म्हणजे पानमोजेने स्वतः लिहिलेल्या कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमचं. पूर्वी आम्ही सगळे आपापले पेनड्राइव्ह घेऊन त्याच्या खोलीबाहेर रांग लावायचो. रांगेत गप्पा व्हायच्या, कामं राहायची, आणि एका पेनड्राइव्हचा रोग बावीस टेबलांना व्हायचा. प्रिंटर दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरने एकदा जाता जाता सांगितलं की हा प्रिंटर नेटवर्कवर आहे, याला स्वतःचा पत्ता आहे, त्या पत्त्यावर फाइल ढकलली की तो छापतो. इंजिनिअर विसरून गेला. पानमोजे विसरला नाही. कुठूनसं एक कव्हर फाटलेलं पुस्तक पैदा केलं, रद्दी कागदांच्या पाठीवर आठ महिने काहीबाही लिहिलं, आणि एके दिवशी बाविसाच्या बावीस टेबलांवर एक फोल्डर उगवलं. नाव, ‘छापायचे’. त्यात फाइल टाकायची. दर वीस सेकंदांनी त्याची स्क्रिप्ट तिथे डोकावणार, फाइल उचलणार, प्रिंटरच्या पत्त्यावर पाठवणार, आणि ‘झाले’ नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून देणार. वेळेसकट, पानांच्या आकड्यासकट नोंद लॉगमध्ये. आम्ही खुर्चीवरून न उठता छापू लागलो. मोठे साहेब स्वतः जिन्याखाली येऊन म्हणाले, “छान. खर्च किती आला?” पानमोजे म्हणाला, “काहीच नाही.” साहेबांना ते फारच आवडलं.

पण पानमोजे तो पानमोजे. नुसती फाइल पाठवून त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. त्याची स्क्रिप्ट आधी प्रिंटरला विचारायची, बाबा रे, कागद आहे का, भुकटी आहे का, पोटात काही अडकलंय का? प्रिंटर नाही म्हणाला, की फाइल रोखून धरायची आणि बावीसही पडद्यांवर एक लाल चौकोन काढायची: ‘ट्रे दोन रिकामा. कागद भरल्याशिवाय पुढे जाणार नाही.’ आणि खरंच पुढे जायची नाही. कोणी पत्र लिहितंय, कोणी पत्ते खेळतंय, मधोमध लाल चौकोन! आठवड्यात सगळं कार्यालय त्या चौकोनावर उठलं. सगळ्यात मोठा आवाज माझा होता. मी म्हणालो होतो, “याच्या ट्रेसाठी आमचा जीव का टांगणीला?” हे वाक्य पुष्कळ गाजलं. आस्थापनाबाई, म्हणजे आमच्या सगळ्यांच्या नेमणुका नि रजा बघणाऱ्या बाई, त्याला म्हणाल्या, “अहो, तो लाल चौकोन काढा बघू. डोळ्यांना त्रास होतो. पाठवलं की हिरवं काहीतरी दाखवा. शांत.”

“बाई, पाठवलं म्हणजे छापलं असं नाही होत,” तो म्हणाला. “न विचारता पाठवलं, तर प्रिंटर काहीच कळवत नाही.”

“तुम्ही आहात ना बघायला? मग!”

यावर तो खुलला. तुम्ही आहात ना, हे त्याला इतक्या वर्षांत कोणी म्हणालं नव्हतं. त्याने विचारायचा भाग काढून टाकला. लाल गेला, हिरवा आला. छोटा, कोपऱ्यात, पोपटाच्या पिसासारखा: ‘पाठवले.’ आम्ही सगळे सुखी. पानमोजे खोलीत उभा राहून कागद बघत होताच.

दोन वर्षांनी वरून परिपत्रक आलं. पंधरा वर्षांहून जास्त तात्पुरते असलेल्यांना एकवार कायम करायचं. प्रत्येक कार्यालयाने साहेबांच्या सहीची यादी महिनाअखेरीला पाच वाजेपर्यंत वरिष्ठ कार्यालयात हाती पोचवायची. नंतर आलेल्या याद्यांचा विचार होणार नाही. आमच्या यादीत एकच नाव. तब्येतीचा दाखला नंतर दिला तरी चालेल, पण तपासणीची तारीख त्यांनी दिली ती नेमकी महिनाअखेरीचीच.

आस्थापनाबाईंनी यादी शेवटच्या दिवसावर ठेवली होती, कारण त्या सगळंच शेवटच्या दिवसावर ठेवतात. त्यात वाईट हेतू शोधू नका. स्वतःच्या मुलीचं लग्नही त्यांनी तसंच केलं. आदल्या दिवशी त्यांनी पानमोजेला बोलावून त्याचं खरं नाव विचारून घेतलं. त्याने सांगितलं. आम्ही सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, इतकं ते नवीन होतं.

“उद्या मी नाही,” तो सगळ्यांना सांगत फिरला. “तपासणीला जायचंय. ट्रे दोन काठोकाठ भरून ठेवलाय. अहो नोंदणी, जरा लक्ष असू द्या.”

“जा रे,” मी म्हणालो. “दाढ लपव डॉक्टरपासून.”

त्या दिवशी महिनाअखेर म्हणून लोकांसाठीची खिडकी बंद होती. फक्त आतली पत्रं. सकाळी कोणीतरी जुन्या अहवालाची लांबलचक फाइल चुकून दहा वेळा फोल्डरमध्ये टाकली आणि ट्रे दोन साडेअकराच्या आतच आटोपला. अकरा बेचाळीसला बाईंनी यादी ‘छापायचे’मध्ये टाकली. कोपऱ्यात हिरवं आलं. बाई निर्धास्त झाल्या. पानमोजे कागद टेबलावर आणून देतो ही सवय सगळ्यांच्या अंगात मुरलेली. त्यांना वाटलं, शिपाई नेईल साहेबांकडे. शिपायाला वाटलं, कोणी दिलं तर नेऊ. साहेबांना वाटलं, कागद आला की सही करू. तीनपर्यंत आला नाही, ते बैठकीला गेले. पाच वाजता शिपायाने रोजच्यासारखा भिंतीवरचा मोठा खटका खाली केला. प्रिंटरच्या पोटात छापायची वाट बघत थांबलेलं सगळं पुसलं गेलं.

एवढी पत्रं दिवसभर छापली गेली नाहीत आणि बावीस टेबलांवर कोणाला एकाचीही आठवण झाली नाही, यावरून आमचं काम कळावं.

आता माझं. बाराच्या सुमाराला मी चहाला जाताना त्या खोलीवरून गेलो होतो. प्रिंटरवर पिवळा दिवा मिचकत होता. मला त्याचा अर्थ पाठ होता. कागदाचं पुडकं दाराशीच होतं. दोन मिनिटांचं काम. मी खिडकीकडे पाहिलं. गजांमागे कोणी नव्हतं. कोणी ओरडलं नाही, आणि मी चहाला गेलो. येताना दुसऱ्या जिन्याने आलो.

दुसऱ्या दिवशी पानमोजे हातात तब्येतीचा दाखला नाचवत आला. “दाढ सोडून सगळं ठणठणीत, लिहूनच दिलंय!” मग सवयीने आधी जिन्याखाली गेला, वही काढली, प्रिंटरचा आकडा लिहिला. आणि बराच वेळ बाहेर आला नाही. लॉगमध्ये आदल्या दिवशी पाठवलेल्या पानांचा आकडा वेगळा होता, प्रिंटरने छापलेल्या पानांचा वेगळा. त्रेचाळीस पानांचा फरक. त्या त्रेचाळिसांत एक त्याचं.

तो बाईंच्या टेबलाशी आला तेव्हा त्याचा आवाज अगदी हळू होता. “बाई, यादी गेली का वर?”

“गेली की! हिरवं आलं ना. अकरा बेचाळीस.”

“कागद तुम्ही पाहिलात?”

बाईंनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने आढ्याकडे.

साहेबांनी वर फोन केला, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे. दोनदा केला. वरच्यांनी सांगितलं, पाचला दप्तर बंद झालं, यादी पुढे गेली. मग साहेबांनी पत्र लिहिलं, की आमच्याकडून यादी वेळेत निघाली, सोबत लॉग जोडला आहे. वरून उत्तर आलं: निघाली असेल तर ती गहाळ कोणी केली, याची चौकशी करून कळवा. म्हणजे आता कोणीतरी गहाळ करणं भाग होतं.

चौकशी साहेबांच्याच खोलीत झाली. आम्ही सगळे उभे. पानमोजेने लांबट वही टेबलावर ठेवली. “साहेब, कोणीच गहाळ केली नाही. ती छापलीच गेली नाही. हा आदल्या संध्याकाळचा आकडा, हा दुसऱ्या दिवशी सकाळचा.”

साहेबांनी वही उलटीसुलटी केली. “पण लॉग म्हणतो पाठवली.”

“पाठवली होतीच. कागद नव्हता.”

“म्हणजे तुमची सिस्टीम चुकीचं दाखवते?”

“आधी ती विचारून पाठवायची, साहेब. लाल चौकोन यायचा. तो काढायला सांगितला.”

“कोणी?”

पानमोजेने बाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडेही नाही. म्हणाला, “सगळ्यांना त्रास होत होता.”

“लेखी आदेश आहे?”

“नाही.”

“मग तुम्ही स्वतःच बदल केलात.” साहेब आमच्याकडे वळले. “त्या दिवशी प्रिंटर थांबलेला कोणी पाहिला?”

साहेबांची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझं टेबल दाराशी हे त्यांना ठाऊक होतं.

“लक्ष नव्हतं, साहेब,” मी म्हणालो.

पानमोजे माझ्याकडे बघत होता. तेच ते, तिरक्या पानाकडे बघायचा तसं. मग त्याने वही उचलून काखेत घेतली.

निष्कर्ष सोपा निघाला. सिस्टीम बरोबर असेल, तर कागद सांभाळणारा गैरहजर होता. सिस्टीम चूक असेल, तर ती त्याचीच होती. बाई दुपारी त्याच्यासाठी चहा घेऊन जिन्याखाली गेल्या आणि कप तसाच घेऊन परत आल्या. म्हणाल्या, “रागावले नाहीत हो. नुसते खणातले कागद मोकळे करत बसलेत.” त्याने साहेबांकडे एकच अर्ज केला, की लाल चौकोन परत बसवू द्यावा. साहेबांनी शेरा मारला, ‘चालू सिस्टीमला हात लावू नये.’

चार महिन्यांनी त्याचा खंड आला. खंडाच्या दिवशी तो नेहमीसारखा खिडकीशी उभा होता. मी एकदाही मान वळवली नाही. एकदा वाटलं, हाक येईल. पण ट्रे दोन त्या दिवशी मी सकाळीच भरून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी नवा नेमणुकीचा कागद आला नाही. त्याच्या पदाबद्दल साहेबांनी फाइलवर लिहिलं होतं: ‘छपाई आता आपोआप होते. पदाची आवश्यकता नाही.’ त्याला तसं कळवणारं पत्र त्याच्याच स्क्रिप्टने पाठवलं. आणि या वेळी ते छापलंही गेलं, गरम असतानाच शिपायाने नेऊन दिलं.

वहिनी एकदा बाजारात भेटल्या. मी नजर चुकवायच्या बेतात होतो, पण त्यांनीच हाक मारली. “भाऊजी, घरी या ना. पडदा लावलाय.” हसल्या. “म्हटलं, आता वाट कशाची बघायची.” मी येतो म्हणालो. गेलो नाही.

स्क्रिप्ट अजून चालते. कोपऱ्यात हिरवं येतं, आणि बाविसाच्या बावीस टेबलांवर कोणीही त्यावर संशय घेत नाही. कागद भरायचं काम शिपायाकडे आहे. तो कायम आहे, त्यामुळे आठवलं की भरतो.

पानमोजे आता गावाबाहेरच्या एका गोदामात खोक्यांवर पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवतो. हाताने, एकेक. मागच्या महिन्यात रस्त्यात समोरासमोर आलो, चुकवायला जागा नव्हती. “अहो नोंदणी,” म्हणाला, पूर्वीसारखंच. मला दुसरं काही सुचेना, म्हणून दाढेचं विचारलं.

ती पडली होती.